पापडावरची राणी

चँडलर (अ‍ॅरिझोना), रविवार, १६ मे २००४

अहिल्ये,

सगळ्यात आधी आली ती नीलांबरी. आठला ये म्हटलं होतं, तर बाई पावणेआठलाच दारात, आणि हातात काय, तर लाटणं. "काकू, तुमच्याकडे एकच असेल म्हणून घेऊन आले." माझ्याकडे तीन आहेत. पण नागपूरची पोर, मनाने चांगली, म्हटलं ठेव तिथे. तिच्या मागोमाग तिचा नवरा विनय. तो आपल्या सुशांतच्याच कंपनीत आहे, दोघं मिळून काँप्युटरच्या आत बसणाऱ्या कसल्या बारीक चकत्या करतात. तो लाटायला नव्हता आला, उकड खायला आला होता. वाटीभर उकड घेतली, वर कच्चं तेल ओतलं, उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाला, "काकू, यार, हे खाऊन मेलो तरी चालेल." इथे काकूलासुद्धा यार म्हणतात! मला आवडतं.

तिसरी आली हेझल. तिला कोणी बोलावलं नव्हतं. हेझल म्हणजे शेजारची म्हातारी, त्र्याऐंशी वर्षांची, एकटीच राहते, डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. कुंपणाला हात लावत लावत येते. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, आणि आमचं फार छान चालतं. ती बोलते, मी बोलते, मग दोघी हसतो. आमची सून आश्लेषा घरी असली की ती सांगते कोण काय म्हणालं, आणि तेव्हाच जरा गडबड होते.

तर काल तांदळाचे पापड केले. आईच्या पद्धतीने, म्हणजे मला आठवते त्या पद्धतीने. पापडखार अंदाजाने घातला. तो विषय मी काढणार नव्हते, हातून लिहिला गेला, आता खोडत नाही.

तू ही पत्रं वाचतेस का, मला माहीत नाही. नंदू फोनवर म्हणाला, "मावशी, आई वाचते, पण चष्मा लावून नाही." म्हणजे काय ते मला समजलं नाही. अजून एकही पत्र परत आलेलं नाही, एवढ्यावर मी खूश आहे.

इथलं ऊन तुला दाखवायला हवं गं. सकाळी घातलेला पापड दुपारच्या जेवणाला कडक. आपल्याला संगमनेरात दोन दिवस लागायचे आणि कावळ्यांवर काठी घेऊन बसावं लागायचं, इथे कावळाच नाही. फक्त वाळवण घराच्या पुढे घालायचं नाही, कॉलनीचा नियम आहे, चिठ्ठी येते. मागच्या अंगणात काहीही करा.

पण घालायचे कशावर? प्लास्टिकला या उन्हात वास सुटतो. सुती साड्या माझ्याकडे दोनच, त्यातली एक अंगावर. तेव्हा मला हेझलच्या गराजमधली ट्रंक आठवली. ती एक ऑगस्टला घर सोडून म्हाताऱ्या माणसांच्या कुठल्याशा घरात राहायला जाणार आहे, म्हणून सगळा पसारा उपसून ठेवलाय. गुरुवारी थालीपीठ द्यायला गेले तर ट्रंक उघडी होती. आत जाड पांढरे कागद, टेबलावरच्या कापडाएवढे, एका अंगाने खडबडीत, जणू कोणी भिजवून बडवून वाळवलेत. शाई नाही, काही नाही, कोरे. मी तिचा हात कागदावर ठेवला, मग माझ्या छातीवर ठेवला, म्हणजे घेऊ का? तिने माझा हात धरला आणि सोडेचना. रडायला लागली. मग ट्रंकच माझ्याकडे ढकलली. म्हटलं रद्दीसाठी कोणी एवढं रडतं का! पण म्हातारं माणूस, घर सुटतंय, रडू कशावरही येतं. विनयने ट्रंक उचलून आमच्याकडे आणली.

तीन कागद काढले. खडबडीत बाजू वर केली, म्हणजे खालून हवा खेळेल. जरा वारा सुटला तेव्हा एकेक पापड तळहाताने चांगला दाबून बसवला. हेझल खुर्चीत बसून वास घेत होती आणि स्वतःशी हसत होती.

संध्याकाळी उचलायला गेले तर काय सांगू! प्रत्येक पापडावर नक्षी. एकावर पक्षी, चक्क चोच आणि पाय असलेला. एकावर डोळा. एकावर पाण्यासारख्या नागमोडी रेघा. मधल्या कागदावरच्या दोन पापडांवर मिळून एक लांबट कडं उठलंय आणि आत बारीक बारीक चित्रं. नीलांबरी म्हणाली, "काकू, साचा कुठला? मला पण सांगा ना." मी म्हटलं, देवाने दिला.

फार आनंदात आहे मी. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी ताई


चँडलर, रविवार, ३० मे २००४

अहिल्ये,

हे पत्र आणि सोबतचा डबा घेऊन अंजना येईल. ती सुशांतच्या ओळखीची, तिचं माहेर नाशिकला, गुरुवारी निघतेय. डब्यात चौदा पापड आहेत. सगळे मधल्या कागदावरचे, म्हणजे सगळ्यात नक्षीदार, एकेक निवडून काढले. त्या कागदावर वीस झाले होते, पण काल पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा, आणि मी आत वळेपर्यंत विनयने सहा तळून घेतले. पक्षी त्याच्याच पोटात गेला. लांबट कड्याचे दोन मी लपवून ठेवले होते, ते डब्यात सगळ्यात वर आहेत. तळून टाक, ठेवू नकोस, तुमच्याकडे पाऊस सुरू झाला की सादळतील.

डबा घे. मला उत्तर नको, डबा घे.

आता हेझलची गंमत. परवा ती एक फोटो घेऊन आली, मिशाळ माणूस, डोक्यावर टोपी, हातात मोजायची साखळी. तिचे आजोबा. एझ्रा नाव. आश्लेषा कांदा चिरत होती, तिला म्हटलं, सांग बाई काय म्हणतेय ती. मग दोन तास गोष्ट चालली. मला कळली तेवढी लिहिते, मधले धागे निसटलेत.

हा एझ्रा ओहायो नावाच्या ठिकाणचा, घोडागाड्या बनवणाऱ्याचा मुलगा. शिक्षण आपल्यापेक्षा थोडंसंच जास्त. रेल्वेचे रूळ टाकायच्या आधी जमीन मोजतात, ते काम करायचा. मग छातीचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा नाहीतर मरशील. माणूस कुठे जाईल? शेजारच्या गावी, मामाकडे. हा गेला थेट इजिप्तला. तिथे एक श्रीमंत गोरा गृहस्थ जुन्या कबरी उकरत होता, त्याला मोजणारा हवा होता. हा मोजायला लागला आणि मोजता मोजता तिथली अक्षरं शिकला. त्यांची अक्षरं म्हणजे चित्रं असतात. कॉलेजचं तोंड न बघता शिकला, अहिल्ये! चौदा हिवाळे तिथे काढले, दोन जाड पुस्तकं लिहिली. तेव्हा असली पुस्तकं लिहिणारे जगात मोजून थोडे होते, म्हणे.

मी विचारलं, "म्हणजे हा मयताच्या घरात शिरून चोरी करायचा?"

आश्लेषा म्हणाली, "आई, असं काय! तो वस्तू नाही आणायचा. मापं आणायचा."

मापं चोरता येतात की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या लोकांत मेलेल्या राजाला मिठात मुरवायचे, मग तेल, मसाले, वर कापडाच्या पट्ट्या. मी म्हटलं, हे आपल्या कैरीसारखंच झालं की. आश्लेषाने हेझलला ते सांगितलं तर ती इतकी हसली की खोकला लागला. आमची निधी सोफ्यावर होती, बारा वर्षांची झाली आता, "आजी, दॅट्स सो ग्रॉस" म्हणून उठून गेली. जेवायला मात्र परत आली.

आणि ऐक. या एझ्राची बायको ओहायोत होती, पदरात लहान मुलगा. ती लिहायची, पोरगं चालायला लागलं, या आता. हा उलट लिहायचा, आज एक भिंत मोजली, एवढी लांब, एवढी उंच. तिकडे ती गेली, तर हा तेव्हाही आला नाही, पुढच्या हिवाळ्यानंतर आला. मी आश्लेषाला म्हटलं, असल्या माणसाला कोणी पत्र तरी का लिहावं! तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. का बघितलं ते मला कळलं नाही.

पापड तळलास की नंदूला सांग, तो मला सांगेल.

तुझी ताई


चँडलर, रविवार, २७ जून २००४

अहिल्ये,

अंजना म्हणाली डबा पोचवला, तूच दार उघडलंस, डबा घेतलास, तिला पाणी दिलंस, चहा दिलास, आणि माझं नाव निघालं की पंखा जोरात लावलास. डबा घेतलास ना? मग झालं.

आज जरा वेगळंच लिहायचंय. तू डोकं शांत ठेवून वाच आणि मला सांग, कारण इथे मी कोणाला विचारू शकत नाही.

हेझल काल पुन्हा आली आणि तिने गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. एझ्राला एका गावात एक लहानसं पडकं देऊळ सापडलं. त्याच्या एका भिंतीवर एका राणीचं नाव कोरलेलं होतं. ही राणी कोणाच्याच यादीत नव्हती. त्यांच्याकडे राजाराणीचं नाव असलं की भोवती लांबट कडं काढायची रीत आहे. त्याने काय केलं, जाड कागद भिजवला, भिंतीवर चिकटवला, ब्रशने बडवून बडवून खाचांत बसवला, आणि वाळल्यावर सोलून काढला. म्हणजे भिंत तिथेच राहिली आणि भिंतीचं अंग कागदावर आलं.

पुढच्या हिवाळ्यात जाऊन बघतो तर भिंत नाही. गावच्या लोकांनी दगड भट्टीत घालून चुना केला होता. त्यांचं तरी काय चुकलं, दगड त्यांच्या गावचा. पण याने पुस्तकात राणीचं नाव लिहिलं, आणि मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी त्याला हाणला. म्हणाले, रूळ मोजणाऱ्याला अक्षरं काय कळणार, राणी याने मनाने बनवली. असेल तर कागद दाखव. तर हा म्हणाला, माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर कागदही बघू नका. आणि खरंच दाखवला नाही! काम गेलं, नाव गेलं. छातीसाठी इथे अ‍ॅरिझोनात आला, कालवे मोजले, शाळेत शिकवलं. संध्याकाळी छोट्या हेझलचा हात धरून त्या कागदावरून फिरवायचा, हा बघ पक्षी, हे पाणी, ही आपली राणी. ती दहा वर्षांची असताना तो गेला. हेझलचे वडील म्हणजे तोच ओहायोत टाकून दिलेला पोरगा. त्यांनी बापाच्या रागाने ट्रंकेला कुलूप घातलं. त्यांच्यानंतर ट्रंक हेझलकडे आली. पुढे चाळीस वर्षांत कोणी त्या कागदांबद्दल विचारलं नाही.

मग हेझल माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. आश्लेषा म्हणाली, "आई, ती म्हणतेय, तू पहिली बाई आहेस जिने ते कागद स्वतःहून बघायला मागितले. म्हणून तुझ्याकडे दिले. आणि तुझ्यामुळेच तिला धीर आला आणि तिने युनिव्हर्सिटीला लिहिलं. दहा जुलैला दोघं जण कागद बघायला येणार आहेत."

मी म्हटलं, बरं.

हेझल आणखी म्हणाली, आजोबा खोटारडे नव्हते एवढं छापून आलेलं मरायच्या आधी तिला हवंय. तिला दिसणार नाही, पण कोणी वाचून दाखवलं तरी चालेल.

मी पुन्हा म्हटलं, बरं.

हेझल गेल्यावर मी ट्रंक उघडून तीन कागद काढले. पापड उचलले त्या दिवशीच मी ते कोरड्या फडक्याने पुसून परत आत ठेवले होते. फाटलेले नाहीत. तेलाचे डाग आहेत थोडे. पण हात फिरवला तर खडबडीत, खडबडीत, आणि मध्येच गोल गुळगुळीत. गोल गोल ओळीने. तू सांग, शाई तर आधीही नव्हती. मग पुसलं गेलं ते काय? नसलेली शाई कशी पुसली जाते? मला काही समजत नाही. कदाचित ते गोल आधीचेच असतील. मी तिन्ही कागद सगळ्यात खाली ठेवून ट्रंक बंद केली आहे. सुशांतला सांगितलं नाही. तूही नंदूला सांगू नकोस.

ताई


चँडलर, रविवार, ११ जुलै २००४

अहिल्ये,

पापड तळू नकोस. तळले असशील तर पुढचं वाचूच नकोस, नाही, वाच, तरी वाच.

हे पत्र सुशांत उद्या कुरिअरने टाकतोय. फोन मी केला की तू ठेवतेस, म्हणून काल सुशांतने नंदूला केला. नंदू म्हणतो, "डबा आईच्या कपाटात आहे आणि किल्ली आईच्या कमरेला." सुशांतने विचारलं, तळले का तिने? तर म्हणतो, "तसं नक्की नाही सांगता येणार. परवा वरणभाताबरोबर काहीतरी कुरकुर आवाज येत होता, पण ती कुरडई पण असेल." मी फोन घेतला आणि म्हटलं, जा आणि विचार. तर म्हणाला, "मावशी, तुमच्या दोघींच्या मध्ये मी येत नाही, मला इथेच राहायचंय."

काय झालं ते सगळं सांगते, काही लपवत नाही.

काल दहा वाजता दोघं आले. एक उंच प्रोफेसर, पांढरी दाढी, आणि एक तरुण पोरगी, ती जुन्या कागदांची डॉक्टर. खरंच असतात तशा. ट्रंक आमच्याकडेच, म्हणून हेझलही आमच्याकडे. ती ठेवणीतला निळा झगा घालून आली होती, गळ्यात मोती. मी चहा केला, चिवडा ठेवला, आणि देवाला म्हटलं, त्यांना बाकीचेच कागद आवडू देत.

पण हेझलला डोळे नाहीत, तिला हात आहेत. तिने वरचे कागद बाजूला करायला लावले आणि कडा चाचपून बरोबर तो मधला कागद बाहेर काढला. प्रोफेसरांना म्हणाली, थांबा, मी दाखवते. डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागली. मला ती भाषा येत नाही पण काय म्हणतेय ते सगळं कळत होतं. हे पाणी. हा हात. आणि ही... आणि बोट घसरलं. तिने परत मागून सुरुवात केली. पाणी, हात, आणि पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा ती कुठल्या तरी लहान मुलीसारखी वर बघून आजोबांशी बोलल्यासारखं काहीतरी म्हणाली. आश्लेषाने ते मला मराठीत सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

कागदाच्या डॉक्टरने बॅटरी काढली आणि आडवा उजेड टाकला. मग सगळ्यांना दिसलं. कागदभर पक्षी, साप, डोळे, आणि त्यांच्या मधोमध वीस गोल, कोरे. लांबट कड्याची दोन टोकं शिल्लक होती, मधलं गायब.

ती पोरगी म्हणाली, हे कशाने झालं? कोणी गोल ओलं काही ठेवलं होतं का?

सुशांतने कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्याला तांदळाच्या पापडाचं माप ठाऊक आहे, माझाच मुलगा.

"आई," म्हणाला, "तू यावर पापड घातलेस?"

मी उठून आत गेले. रडायला नाही. आत बाकीच्या दोन कागदांवरचे नऊ पापड उरले होते, ते ताटलीत घेऊन बाहेर आले आणि टेबलावर ठेवले. अपराध केला तर निदान दाखवावा. प्रोफेसरांना वाटलं खायला दिले, त्यांनी एक उचलून थँक्यू म्हटलं आणि तोंडाजवळ नेला. ती पोरगी ओरडलीच. पापड त्यांच्या हातातून घेतला आणि त्यावर बॅटरी धरली. पापडावर डोळा होता, भुवईसकट.

पुढे अर्धा तास कोण काय बोलत होतं मला कळलं नाही. हातमोजे घातले त्यांनी, अहिल्ये, माझ्या पापडाला हात लावायला! आश्लेषाने मग समजावलं ते असं. भिंतीत खाच, म्हणून कागदावर उंचवटा, म्हणून पापडात परत खाच. कागद दमट झाला, माझ्या तळहाताने दबला, त्याचा उंचवटा बसला. पण जे कागदावरून गेलं ते पापडाने धरून ठेवलं, उलट नाही, सुलट. प्रोफेसर म्हणाले, पापड म्हणजे आता ती भिंतच आहे. बाकीच्या दोन कागदांचं काही बिघडलं तरी चालेल, त्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांचे फोटो आहेत. प्रश्न फक्त मधल्या कागदाचा. त्यावरचे पापड कुठे आहेत?

सुशांत म्हणाला, सहा विनयने खाल्ले.

"आणि बाकीचे?"

"संगमनेरला."

ते कुठे आहे ते प्रोफेसरांना माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

राणीचं नाव अर्धं एका पापडावर आहे आणि अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही तुझ्या डब्यात सगळ्यात वर. मीच ठेवले, मीच तळून टाक म्हणून लिहिलं.

मी हेझलच्या पायाशी बसले. तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. तिने माझं डोकं चाचपलं, कान चाचपले, आणि तिचं पोट हलायला लागलं. हसत होती की रडत होती, मला खरंच कळलं नाही. आश्लेषाला विचारलं तर ती म्हणाली, "मलाही नाही कळत, आई." सुशांत म्हणाला, "आई, शंभर वर्षं जगातल्या लोकांनी मागून जे मिळालं नाही, ते विनयने बिअरबरोबर खाल्लं." विनयला फोन करून सांगितलं. तर हळूच विचारतो, "काकू, राणी माझ्याकडे तर नाही ना?"

आता दुसरं. हे मला या पत्रात लिहायचं नव्हतं, पण काल त्या म्हातारीचं बोट घसरताना बघितल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

आई गेली तेव्हा विमानं बंद होती, असं मी सगळ्यांना सांगते. खरं आहे. २००१ चा तो सप्टेंबरच तसा होता. पण विमानं काही दिवसांत सुरू झाली आणि मी आले नाही. निधीची शाळा, सुशांतची धावपळ, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती. विमानाची थोडी, तुझी जास्त. सहा वर्षं तू एकटीने तिचं केलंस, हगणंमुतणं काढलंस, आणि मी इथे. तू फोन केलास आणि म्हणालीस, ताई, आई गेली. आणि मी काय विचारलं? पापडखाराचं प्रमाण विचारून ठेवलंस का. देवाशपथ, मला काय बोलावं सुचत नव्हतं, आणि तिची एकच गोष्ट माझ्याकडे नाही असं एकदम वाटलं, तेच तोंडातून निघालं. तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. मीही ठेवला असता.

तुझा राग काढ म्हणून मी लिहीत नाही. तो राहू दे. उलट या वेळी तुझ्या रागावरच माझी सगळी भिस्त आहे. रागाने डबा उघडला नसशील, तर त्या रागाला माझा नमस्कार. आणि उघडून खाल्ले असशील, तर तेही बरंच, माझ्या हातचं तू खाल्लंस. दोन्हीतलं काय झालेलं मला हवंय, हे माझं मलाच कळत नाही. हेझलसाठी एक हवंय, माझ्यासाठी दुसरं.

आता काय करायचं ते नीट ऐक. आश्लेषाचा भाऊ राजेश आठ ऑगस्टला पुण्याहून इकडे यायला निघतोय. त्याआधी तो तुझ्या दारी येईल. उंच आहे, चष्मा आहे, जरा अडखळत बोलतो, त्याच्यावर पंखा जोरात लावू नकोस. डबा उघडू नकोस, हलवू नकोस, आहे तसा त्याच्या हातात दे. काही तळले असशील तर उरलेले दे. दोन्ही वरचे गेले असतील तर एका कागदावर तसं लिहून दे, म्हणजे मी हेझलला सांगेन. सांगायचं मलाच आहे, मी आश्लेषाला बोलू देणार नाही.

हेझल एक ऑगस्टला त्या दुसऱ्या घरी जाईल. चौदा ऑगस्टला सुशांत तिला गाडीने इथे घेऊन येणार आहे. त्याच दिवशी, शनिवारी, सकाळी दहा वाजता प्रोफेसर आणि ती कागदाची डॉक्टर पापड बघायला परत येतो म्हणून सांगून गेलेत.

ताई